मालक तिथं बसतात

बाई नवऱ्याला मालक म्हणायची. तिच्या पिढीतल्या पुष्कळजणी म्हणतात, त्यात नवल काही नाही. कुणी नवऱ्याला 'हे' म्हणते, कुणी 'आमच्या घरचे' म्हणते, कुणी नुसता घसा खाकरून काम भागवते. पण बाई जिथे कामाला होती तिथे मालक नावाचा आणखी एक माणूस असायचा, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाने घातला. दोष द्यायचाच तर भाषेला द्यावा, बाईला नको.

ती कामाला होती बर्फावरच्या हॉकीच्या स्टेडियममध्ये. मोठी बंदिस्त इमारत, मधोमध बर्फाचं लांबोडकं मैदान, चारी बाजूंनी वर चढत गेलेल्या बाकांच्या रांगा, आणि एका टोकाला, बाकांच्याही वर, काचेची भिंत असलेली एक खोली. त्या खोलीला सगळे काचघर म्हणत. टीमचा मालक तिथे बसून सामने बघायचा. टीम धंदेवाईक होती. म्हणजे खेळाडूंना पगार, बघणाऱ्यांना तिकीट, आणि या सगळ्या खटल्याचा धनी एक माणूस. त्याने टीम घ्यायची, पोसायची, मिरवायची आणि जीव विटला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. बाई काचघर झाडायची, काच पुसायची, कॉफी करायची, पाहुण्यांचे कोट टांगून ठेवायची. तिचा नवरा खाली बर्फगाडी चालवायचा. खेळाच्या मधल्या सुट्टीत ही गाडी मैदानावर फिरते, स्केटनी खरवडलेला बर्फ तासून काढते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडते. पाणी लगेच गोठतं आणि मैदान पुसलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

पहिले मालक लोकरीच्या गिरणीचे. माणूस तोंडाने फटकळ, कोच असो की कारकून, सगळ्यांवर खेकसायचा. पण गाडीवाल्यावर त्याचा जीव होता. त्यानेच एकदा वरून ओरडून सांगितलं, "ए गाडीवाल्या, गाडी लावलीस की वर ये. खाली काय चाललंय ते मला नीट सांगायला कुणीतरी हवं."

तेव्हापासून शिरस्ता पडला. बर्फ सपाट केला की गाडीवाला जिना चढून काचघरात यायचा आणि काचेला लागून ठेवलेल्या लाकडी खुर्चीत बसायचा. डावा गुडघा धरलेला असायचा, म्हणून तो पाय लांब सोडायचा. मग एकच वाक्य बोलायचा. "आज बर्फ खुशीत आहे." किंवा, "आज रुसलाय, चकती अडखळणार." या खेळात चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. मालक फोन उचलून ते वाक्य कोचला जसंच्या तसं कळवायचे. कोचला त्यातून काय बोध व्हायचा देव जाणे, पण टीम जिंकायची. गिरणीवाल्यांच्या काळात ती अशी जिंकली की तिकीट नसलेले लोक बाहेर भिंतीला कान लावून उभे राहायचे.

खेळाडू बाईची थट्टा करत. "मावशी, मालक आले का?"

"आले की. वर बसलेत."

"कुठले मालक? टीमचे का तुमचे?"

"दोन्ही बसलेत मेल्यांनो. तुम्ही सराव करा."

मूलबाळ त्यांना झालं नाही. घर होतं दोन खोल्यांचं, स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. नवरा घरी उशिराने यायचा, कारण त्याचं बर्फाशी काहीतरी शेवटचं बोलणं कायम राहिलेलंच असायचं. एकांतात तो तिला 'गारठे' म्हणायचा, कारण तिचे हात बारमाही गार. बाहेर कुणालाही हे नाव माहीत नव्हतं. ते दोघांचं होतं, आणि बाईला वाटायचं की आपल्या संसारात सोनंनाणं म्हणावं तर हे एवढंच आहे.

गिरणीवाले वारले आणि टीम त्यांच्या मुलाकडे आली. त्याला सगळे धाकटे म्हणत. धाकट्यांना हॉकी आवडत नव्हती, आणि खर्च तर त्याहून आवडत नव्हता. त्यांनी आल्या आल्या हात आखडता घेतला. चांगले खेळाडू विकले, कोच बदलला, चहाकॉफीची भांडीसुद्धा मोजून घेतली. बर्फाखालून थंड नळ्या जातात, त्यांना थंडावा पुरवणारी यंत्रं बाकांखालच्या मशीनखोलीत होती. ती म्हातारी झाली होती आणि त्यांच्यातून वायूचा उग्र वास येऊ लागला होता. गाडीवाल्याने दोनदा सांगितलं. धाकटे म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू." आणि वर म्हणाले, "गाडीवाल्याने गाडीपाशी बसावं. काचघरात त्याचं काय काम?"

तो अपमान नवऱ्याने गिळला. बाईला मात्र तो पचला नाही. रिकाम्या खुर्चीवरून ती रोज फडकं फिरवायची.

एका सकाळी खेळाडू सराव करत असताना मशीनखोलीतली नळी फुटली. वायू मैदानावर पसरला असता. गाडीवाला तोंडाला रुमाल बांधून आत गेला, त्याने झडप फिरवून बंद केली, आणि तो दारापर्यंत परत आला. दार जुनं होतं, आतून अडकायचं. खेळाडू वाचले. तो वाचला नाही. धाकटे म्हणाले की त्याच्याच हातून काही चुकलं असेल.

बाईने त्याला पाहिलं. पायांतले ओले मोजे तिने स्वतः बदलले. आणि तरीही, लोक समाचाराला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मालक ना? वर असतील, काचघरात." लोकांनी एकमेकांकडे बघितलं. धक्का आहे, ओसरेल, असं त्यांना वाटलं. ओसरला नाही. बाईच्या बोलण्यात नवऱ्यापुरता भूतकाळ आलाच नाही. "मालकांना साखर चालत नाही." "मालक तिथं बसतात." रडली नाही, कामावरची रजा घेतली नाही, आणि 'मालक वारले' हे दोन शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नाहीत.

त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला तिने काचघरात ते पाहिलं. लाकडी खुर्चीसमोरच्या काचेवर वाफ धरली होती. बशीएवढी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. ती मोठी व्हायची, आक्रसायची, पुन्हा मोठी व्हायची. खुर्चीत कुणी नव्हतं.

धाकट्यांनीही पाहिली. "काच पूस," ते म्हणाले. बाईने पुसली. धाकटे कोचशी फोनवर दोन वाक्यं बोलून वळले, तर वाफ तिथेच, श्वास घेत असलेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या सामन्याला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत, आणि हंगाम संपायच्या आत त्यांनी टीम विकून टाकली. लोक म्हणाले, टीम हरत होती म्हणून विकली. लोकांना काय, काहीतरी म्हणायला हवं असतं.

तिसरे मालक इमारती बांधणारे. त्यांना सगळं नवं लागायचं. टीमचा बिल्ला नवा, अंगातल्या सदऱ्यांचा रंग डोळ्यात घुसणारा नारिंगी, गोल झाला की कानठळ्या बसवणारे भोंगे. काचघरात गुबगुबीत सोफे आले. इमारतीवाल्यांनी लाकडी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे भंगार काढा."

दोघांनी खुर्ची उचलून खाली बोळात नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी सामना चालू असताना बर्फाला घाम फुटला. आधी चकाकला, मग ओला झाला, मग खेळाडूंच्या पायाखालून पाणी उडू लागलं. यंत्रं नवी होती आणि ठणठणीत चालू होती, मिस्त्रीने ती तीन-तीनदा तपासली. सामना रद्द झाला. लोक शिव्या देत घरी गेले. बाईने खुर्ची एकटीने उचलली, जिना चढून काचेपाशी नेऊन ठेवली आणि तिच्यावरून फडकं फिरवलं. उजाडलं तेव्हा मैदान दगडासारखं घट्ट झालेलं होतं. इमारतीवाल्यांनी खुर्ची बघितली. तिथेच राहू दिली.

मग त्यांनी टीमवर पाण्यासारखा पैसा ओतला. दूरदूरचे नावाजलेले खेळाडू आणले. त्यांतला सगळ्यात नावाजलेला, ज्याच्या तसबिरी दुकानादुकानांत लागल्या होत्या, तो काचघराखालच्या कोपऱ्यात आला की गडबडायचा. चकती त्याच्या काठीवरून निसटायची. कोच त्याच्यावर उखडला तेव्हा तो म्हणाला, "वर तो माणूस कोण बसतो? काचेला तोंड लावून? मी वळलो की मान हलवून नाही म्हणतो."

ही गोष्ट टीमभर झाली. आता सगळेच त्या कोपऱ्यात वर बघू लागले, आणि हॉकीत वर बघणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. टीम तळाला गेली. इमारतीवाल्यांनी शेवटच्या शेवटच्या दिवसांत असं केलं की काचघरात सोफा उलटा फिरवला, काचेकडे पाठ केली आणि खाली चाललेला आपल्याच टीमचा सामना भिंतीवरच्या टीव्हीवर बघत बसले. मधूनच मानेवरून हात फिरवायचे, तिथे कुणी फुंकर घालत असल्यासारखे. बाईला त्यांची कीव आली. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

मग आला चौथा. वयाने तरुण, फोनमधल्या कसल्याशा धंद्यात वर आलेला, बोलायला मऊ. बायको होती, लहान मुलगी होती, आणि लहानपणी याच बाकांवर बसून त्याने गिरणीवाल्यांची टीम बघितली होती. पहिल्या दिवशी तो एकटाच काचघरात आला. बाई खुर्चीच्या पायांखालचं झाडत होती.

"मावशी, नमस्कार करतो. तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या, असं कळलं."

"आहे खरी."

"मग तुम्हीच सांगा. एवढे सोफे आहेत, मला काही कळेना. मालक कुठे बसतात इथे?"

आणि बाईने सवयीने, केरसुणीवरून मान वर न करता, नेहमीचं उत्तर दिलं. "मालक ना? मालक तिथं बसतात. काचेजवळ."

"या लाकडी खुर्चीत? वा. साधेपणा आवडला मला," असं म्हणून तो खुर्चीत बसला.

बाईच्या हातातली केरसुणी गळून पडली. आपल्या तोंडून काय गेलं आणि त्याने काय घेतलं हे तिच्या एकदम ध्यानात आलं. 'अहो, ते मालक नव्हेत, माझे मालक' असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण सांगणार काय? ती खुर्ची मेलेल्या माणसाची आहे? तो तर मेलेला नव्हता, निदान तिच्या बोलण्यात तरी नव्हता. तिने केरसुणी उचलली. काचेवर तरुण मालकाच्या श्वासाची वाफ धरली. एकच बशी. दोन नव्हत्या.

टीम जिंकू लागली. आधी एखादा सामना, मग ओळीने. वर बघायचं खेळाडूंनी सोडून दिलं. तरुण मालक फोनवर कोचला म्हणू लागला, "आज बर्फ जड आहे," "आज बर्फ खुशीत आहे," आणि कोचला वाटलं, मालकाची एक लकब. बाई कॉफी घेऊन मागे उभी राहून ऐकायची. पुढे त्याने साखर सोडली. मग डावा पाय लांब सोडून बसू लागला. त्याच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.

आणि एका दुपारी, सामन्याला अवकाश असताना, त्याने काचेवरून नजर न काढता म्हटलं, "गारठे, दार लाव. वारा येतोय."

तोपर्यंत तो तिला मावशी म्हणायचा, तुम्ही म्हणायचा.

बाई घाबरली असेल असं कुणालाही वाटेल. अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्या मागोमाग जे आलं तो आनंद होता, उघडा आणि निलाजरा आनंद. तिने दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि विचारलं, "मी पेटीत काय ठेवलंय, लग्नातलं?"

"तुझ्या आईची कात्री," तो म्हणाला. "बोथट. मी धार लावून देतो म्हटलं होतं, राहूनच गेलं."

तो सगळा हिवाळा बाई नव्या नवरीसारखी वागली. नवा रुमाल घेतला, केसांना तेल लावू लागली, जिना चढताना गुणगुणू लागली. स्टेडियममधले लोक म्हणाले, टीम जिंकतेय म्हणून म्हातारी खूश आहे. खोली रिकामी झाली की दोघं बोलत बसायचे. घराचं छत कुठे गळतं, शेजारच्या शिंपिणीचं शेवटी काय झालं, धाकटे कसे नीच निघाले. समोर बसलेल्या चेहऱ्यावर तरुण माणसाचं नाक होतं, तरुण माणसाचे ओठ होते. बाई त्या चेहऱ्याकडे फारसं बघायची नाही. बाजूला नजर ठेवून नुसती ऐकायची.

मालक वाळत चालला होता, कानशिलांवर पिकत चालला होता. जिंकणाऱ्या टीमच्या मालकाकडे कोण निरखून बघतो? बाईने बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. तिने हे मनाशी कबूल केलं नाही, एवढाच तिचा अपराध.

टीम अंतिम सामन्यात पोचली. आदल्या दिवशी तो तिला म्हणाला, "उद्या जिंकलो की मी इथेच राहणार. एक खाट आणून टाकायला सांगतो काचघरात. घरी माझं कोण आहे? इथे तू आहेस, मी आहे, खाली बर्फ आहे." बाई घरी गेली ती तरंगतच.

अंतिम सामन्याच्या सकाळी ती काचघर उघडून आत येते तो सोफ्यावर तरुण मालकाची बायको बसलेली. डोळे सुजलेले. कोट अंगातच होता.

"मावशी, तुम्ही रोज त्यांच्याजवळ असता," ती म्हणाली. "मला खरं सांगाल?"

"काय झालं मालकीणबाई?"

"ते घरी येतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास येतो. मशीनच्या. झोपेत मला गारठे म्हणतात. माझे हात बघा, गरम असतात. कोण आहे ही गारठे?"

बाईने आपले हात पदराखाली घेतले.

"कुणी बाई असती तर मी भांडले असते. तेवढी धमक आहे माझ्यात. पण परवा मुलगी त्यांच्या मांडीवर चढली, तर त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, 'ही पोर कुणाची?' रागाने नाही हो. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. पोरगी तेव्हापासून बोलत नाहीये." तिने ओठ घट्ट मिटले, आणि मग ते तिला मिटून ठेवता येईनात. "ते आमचे आहेत मावशी. मला ते परत हवेत. कुणाकडे मागू?"

बाईच्या मनात आलं ते फार वाईट होतं: मागू नकोस. मलाही मागून मिळाले नव्हते, इतकी वर्षं काढली तेव्हा मिळाले. ही तरुण आहे, हिला मूल आहे, हिचं निभेल. हे सगळं मनात येऊन गेलं, आणि मग मांडीवरून उचलून बाजूला ठेवलेली ती पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"संध्याकाळी सामन्याला या," ती शेवटी म्हणाली. "लेकीला घेऊन या. सामना संपला की वर या, आधी नको."

संध्याकाळी स्टेडियम खचाखच भरलं. बर्फावरची हॉकी तीन भागांत खेळतात. दोन भाग झाले तेव्हा टीम पुढे होती, आणि लोकांचा आवाज छपराला भिडत होता. दुसऱ्या सुट्टीत बर्फगाडी मैदानावर आली. पाहुणे खायला बाहेर गेले. काचघरात खुर्चीतला माणूस, त्याच्यासमोरची वाफ आणि बाई एवढंच उरलं.

"बघ, कसा घाईने वळवतोय," तो खालच्या गाडीकडे बघत म्हणाला. "कोपऱ्यात पाणी साचणार."

"अहो."

"हं."

"उठा तिथून."

"एवढं संपू दे, गारठे."

बाई जाऊन त्याच्या आणि काचेच्या मध्ये उभी राहिली. तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. तरुण माणसाचा चेहरा होता, ओढलेला आणि थकलेला, आणि डोळे तेवढे ओळखीचे होते.

"आमचे मालक वारले," ती म्हणाली.

"काय बोलतेस?"

"वारले. धाकट्यांच्या वेळी. मशीनखोलीत वायू सुटला होता, तुम्ही झडप बंद केलीत, दारापर्यंत आलात, दार उघडलं नाही. मी तुमचे मोजे बदलले. पाय माझ्या हातांपेक्षा गार लागत होते." तिला रडू फुटलं, इतक्या वर्षांचं, कुरूप, आवाज करणारं रडू. "तुम्ही वारलात. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही. आता सांगतेय."

काचेपलीकडे भोंगा वाजला, गाडी मैदानाबाहेर गेली.

"मग मी कुठे जाऊ?" त्याने विचारलं.

काहीतरी गोड खोटं सांगावं असं बाईला फार वाटलं. घरी चला, म्हणावं. पण एका खोट्याने काय केलं ते तिने पाहिलं होतं.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली. "पण हा माणूस कुणाचा तरी बाप आहे."

खुर्चीतल्या माणसाने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला. तो इतका गार होता की तिला पहिल्यांदाच स्वतःचे हात ऊबदार वाटले. मग तो हळूहळू तापत गेला, नुसता एका जिवंत माणसाचा हात झाला, आणि तिने तो सोडला. तिने मागे वळून बघितलं. काच कोरडी होती, पलीकडचं मैदान आरपार दिसत होतं.

तरुण मालकाने खांदे आखडले. "केवढी थंडी आहे इथे," तो म्हणाला आणि उठून सोफ्यावर जाऊन बसला. कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्यात साखर नव्हती.

तिसऱ्या भागात टीम कोसळली. चकती कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात अडकली, पलीकडच्यांनी ती उचलली, आणि त्यानंतर गोलामागून गोल होत गेले. लोक आधी ओरडले, मग गप्प झाले. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरुण मालकाचं मन टीमवरून उडालं, त्याने ती एका मोठ्या कंपनीला विकली, आणि कंपनीने ती उचलून दुसऱ्या शहरात नेली. त्या कंपनीला चेहरा नव्हता आणि ती कुठल्याच खुर्चीत बसत नव्हती. आजही लोक त्या अंतिम सामन्याचं खापर कोचवर फोडतात. बाई त्यांना काही सांगत नाही.

पण ती संध्याकाळ अजून संपली नव्हती. बाक रिकामे होत होते. तरुण मालकाची बायको मुलीला घेऊन वर आली आणि दारातच थबकली. आत यायचा धीर तिला होईना. मुलगी आईच्या कोटाला धरून बापाकडे बघत होती.

"अगं, तिथे काय उभी राहिलीस?" तो म्हणाला. "हरलो ना आपण. ये इकडे, बाबांना पापा दे."

मुलीने आधी आईकडे बघितलं. मग ती धावली, आणि त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. बायकोने तोंडावर हात दाबून धरला. तिने मुलीच्या पाठीवरून बाईकडे बघितलं, आणि त्या नजरेत विचारायचं आणि सांगायचं एवढं होतं की बाईने मान खाली घालून कप गोळा करायला सुरुवात केली.

तिघं निघाले. बाईने त्याचा कोट पुढे केला. तो घेताना तो थांबला. तिच्याकडे त्याने नीट, आदबीने, कधीही न पाहिलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"माफ करा हं," तो म्हणाला, "तुम्हाला आधी पाहिल्याचं आठवत नाही. तुम्ही इथे नवीन आहात का?"

बायकोने जमिनीकडे नजर वळवली.

"हो साहेब," बाई म्हणाली. "नवीनच."

"बरं, येतो मग," असं म्हणून त्याने मुलीला सावरून घेतलं आणि तो जिना उतरू लागला.